आधी माईक, मग जॅक

बोईसरला माझ्याकडे मुलं गिटार शिकायला येतात. नाव नोंदवायला आलेले आईवडील फी विचारायच्या आधी एक प्रश्न विचारतात, "मॅडम, जॅकवाली घेऊ की साधी?" जॅकवाली म्हणजे जिच्या बुडाशी वायर लावायची सोय आहे, कडेला बटणांची पट्टी आहे आणि आत नऊ व्होल्टचा सेल आहे ती. गॅदरिंगला स्टेजवर वाजवायचं तर जॅकवालीच लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. साधी घ्या. तेवढ्याच पैशांत लाकूड चांगलं मिळेल. आवाज वाढवायचं काय, ते मूल कुठे वाजवणार आणि कुणाबरोबर वाजवणार हे कळल्यावर बघू.

हे मी हट्टाने सांगते, कारण आपल्या भागात हा निर्णय कुणी घेतच नाही. तो आपोआप होऊन जातो. शाळेचं स्नेहसंमेलन असो, एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक दिन असो, गणपतीत मंडळाने ठेवलेला गाण्यांचा कार्यक्रम असो की केळव्याच्या किनाऱ्यावर एखाद्या रिसॉर्टमध्ये शनिवारी रात्री होणारी मैफल असो, साउंडवाले दादा हात पुढे करतात, "जॅक आहे ना? द्या इकडे." वायर खोचली, चॅनल उघडला, झालं. माईकचा विषयही निघत नाही. मग मोठ्या पेट्यांतून जो आवाज येतो तो रबर बँड ताणून सोडल्यासारखा. समोरचे लोक टाळ्या वाजवतात, कारण गिटार त्यांनी नेहमी अशीच ऐकलेली असते. मला याचंच वाईट वाटतं. गिटार शिकणाऱ्या इथल्या कितीतरी मुलांनी लाकडातून निघणारा तिचा आवाज भरलेल्या सभागृहात कधी ऐकलेलाच नाही.

वाद्याला वीज जोडण्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. उलट आपला किनारा त्यात फार पुढे आहे. हळदीला आणि विसर्जनाला आपल्याकडे जो बेंजो वाजतो, त्याचं मूळ जपानात आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. आपल्या देशात आल्यावर त्याचा बुलबुलतरंग झाला. घरात, बारक्या आवाजात वाजवायचं वाद्य होतं ते. ढोल आणि ताशासमोर ते ऐकूही येणार नाही. बेंजोवाल्यांनी त्याच्या पोलादी तारांशी चुंबकाचा पिकअप बसवला, वायर अ‍ॅम्प्लिफायरला दिली आणि टेम्पोवर भोंगे चढवले. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. वर पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात वीज उमटते. लाकडाची पेटी काय म्हणते ते या पिकअपला कळत नाही, आणि बेंजोच्या बाबतीत कळायची गरजही नाही. त्यातून एक नवाच आवाज जन्मला, टोकदार, लांब जाणारा, शेकडो माणसं नाचत असताना चाल हातातून सुटू न देणारा. कोळीगीताची धून त्याच्यावर सुरू झाली की सातपाटीत काय आणि डहाणूत काय, कुणी खुर्चीत बसून राहत नाही. ज्या कामासाठी वाद्य उभं आहे त्या कामाला साजेसा पिकअप त्या लोकांनी निवडला. त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

गिटारवाल्यांनीही आधी हाच रस्ता धरला होता. अमेरिकेत गिब्सन कंपनीने १९५४ साली जे-१६०ई नावाची गिटार काढली, लाकडी आणि पोकळ, पण आत चुंबकाचा पिकअप. १९६२ साली बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन या दोघांनी ती घेतली. अ‍ॅम्प्लिफायरजवळ नेली की ती घुमायची. १९६४ साली 'आय फील फाइन' गाण्याच्या सुरुवातीला बीटल्सनी ते घुमणंच मुद्दाम ध्वनिमुद्रित केलं. ऐकायला मजा येते. पण एका गाण्यापुरतीच.

आजच्या जॅकवालीत बहुतेक वेळा चुंबक नसतो, पीझोची पट्टी असते. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यात वीज तयार होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिलं. गिटारीच्या तारा घोडीवरच्या ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात, तिच्याखाली हा पीझो दडवलेला असतो. १९६६ साली सुरू झालेल्या ओव्हेशन कंपनीने ही पद्धत स्टेजवर रुळवली. तिचे संस्थापक चार्ल्स कामन मूळचे हेलिकॉप्टर बनवणारे इंजिनिअर. सोय मोठी झाली यात शंका नाही. वाजवणारा उठून चालू लागला तरी आवाज तेवढाच राहतो, आणि घुमण्याचा त्रास माईकपेक्षा बराच कमी होतो. पण पीझो ऐकतो काय? तारेचा पांढऱ्या पट्टीवर पडणारा दाब. वरची फळी थरथरणं, आतली हवा हलणं, ती भोकातून बाहेर येणं, म्हणजे ज्याला आपण गिटारीचा आवाज म्हणतो त्यातलं बरंचसं या पट्टीच्या पुढे घडतं. म्हणून हलक्या बोटांनी वाजवलं तर पीझो बरा वाटतो, आणि जोरात स्ट्रोक मारले की टणटण करतो. ताकद दिसते, पण पोत हरवतो.

माईकला कानासारखं हवेतून ऐकू येतं. वर्गात हे मी यंत्र न लावता दाखवते. एका मुलाला एकच कॉर्ड वाजवत बसायला सांगते. दुसऱ्याने एक कान बोटाने बंद करायचा आणि दुसरा कान गिटारीच्या समोरून हळूहळू फिरवायचा. भोकासमोर कान नेला की खर्ज अंगावर येतो, शब्द न कळणाऱ्या माणसासारखं सगळं एकात एक. घोडीकडे नेला की कोरडं, खरबरीत. मग मानेकडे सरकत सरकत, मान अंगाला मिळते तिथे, बाराव्या फ्रेटच्या आसपास, मूल आपसूक थांबतं. तिथे प्रत्येक तार वेगळी कळते आणि तरी आवाज भरलेला असतो. वीतभर अंतर ठेवून माईक तिथे लावायचा. तोंड किंचित भोकाच्या दिशेने, पण सरळ भोकावर नाही. याला शिकवणी लागत नाही. कान लागतो आणि दोन मिनिटं लागतात.

माईकही फार भारी लागत नाही. शुअर कंपनीचा एसएम५७ हा १९६५ पासून जगभर वाद्यांसमोर उभा आहे, आणि आपल्याकडच्या साउंडवाल्यांकडे गाण्यासाठी असतो तो ५८ त्याचाच भाऊ. छोटा कंडेन्सर मिळाला तर बारीक बोटकाम अधिक स्वच्छ येतं. पण त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो आणि गावोगावच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला बऱ्याचदा तो नसतो. अशा ठिकाणी ५७ बिनतक्रार चालतो.

आता साउंडवाल्या दादांची बाजू. ते म्हणतात, माईक शिट्टी मारतो. खरं आहे, मारतो. पेटीतून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरला की तो गोल फिरत वाढत जातो. त्यावरचा उपाय आवाज कमी करणं एवढाच नाही. माईक आणि वाद्य यांच्यातलं अंतर निम्मं केलं की माईकला वाद्याचा आवाज सहा डेसिबलने जास्त मिळतो. म्हणजे मिक्सरवर तेवढी घुंडी मागे घेता येते. ५७ मागच्या बाजूने जवळजवळ बहिरा असतो, म्हणून वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं यासाठीची मॉनिटरची पेटी बरोबर माईकच्या पाठीशी ठेवायची. आपल्याकडे ती हमखास बाजूला, वाजवणाऱ्याच्या गुडघ्याशी, थेट भोकाकडे तोंड करून ठेवलेली दिसते. गिटारीच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःहून घुमते, आणि मोकळी ए तार आहे ११० हर्ट्झची. त्या पट्टीत मॉनिटरने ढुशी दिली की गिटार ओरडणारच. मिक्सरवर नेमका तेवढाच भाग थोडा खाली आणला की सुटका होते. बाकीच्या आवाजाला हात लावावा लागत नाही.

वसईतल्या जुन्या चर्चमध्ये, जिथे छत उंच आहे आणि गायकवृंद आपणहून दमाने गातो, तिथे एक माईक पुरतो. शाळेच्या हॉलमध्ये, पत्र्याचं छप्पर आणि सिमेंटच्या भिंती असल्या तरी, मुलं शांत बसली असतील तर माईकच लावा. पण शेजारी ड्रमसेट, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असेल तर माईक हट्टाने लावण्यात अर्थ नाही, त्यात गिटारीपेक्षा ड्रमच जास्त शिरतो. तिथे जॅक. चिंचणीच्या किनाऱ्यावर वारा माईकमध्ये फडफडतो, तिथेही जॅक. साधी गिटार असेल तर भोकात अडकवायचा पिकअप मिळतो, कार्यक्रमापुरता बसवायचा आणि काढून ठेवायचा. जागा फारच गोंगाटाची असेल तर भोकाला रबरी झाकण लावावं, खर्जाचं घुमणं लगेच आटोक्यात येतं. आणि समोर डीजे असेल, तर अकूस्टिक गिटार घरी ठेवून यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे बेंजो शोभतो.

जॅक लावायचा म्हणजे कसा लावायचा, याकडे तर कुणाचंच लक्ष नाही. मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. गिटारीपासून तिथपर्यंत साधी वायर ओढली की वाटेत दिव्यांच्या माळा, पंखे, जनरेटर यांची सगळी गुणगुण ती गोळा करत जाते. ज्या गिटारीत सेल नाही, नुसता पीझो आहे, तिचा सिग्नल साध्या चॅनलला थेट दिला तर खर्ज गळून पडतो. या दोन्ही गोष्टींवर एकच छोटी डबी उपयोगी पडते, डीआय बॉक्स. गिटार आणि डीआय यांच्यात हातभर वायर, आणि तिथून मिक्सरपर्यंत माईकची केबल. सेलवाल्या गिटारीला साधा पॅसिव्ह डीआय चालतो, बिनसेलवालीला अ‍ॅक्टिव्ह घ्यावा. साधा डीआय दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो. बोईसर-पालघरला अख्खी भिंत भरेल इतके सबवूफर ठेवणारे लोक आहेत. त्यांच्याकडे डीआय विचारला तर "ते काय असतं मॅडम?" असं ऐकायला मिळतं. यात त्यांचा दोष मी धरत नाही. कुणी मागितलाच नाही तर ते आणणार कशाला?

इथे एक गोष्ट मोठ्या आवाजात सांगायला हवी. हमिंग थांबत नाही म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याची किंवा उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडीने अडकवण्याची रीत मी मांडवांत पाहते. ती पिन अर्थिंगची आहे. वाजवणाऱ्याच्या हातात धातूच्या तारा असतात, ओठ गाण्याच्या माईकच्या जाळीला लागलेले असतात, आणि पावसाळ्यात पायाखालची जमीन ओली असते. अर्थिंग तोडणं म्हणजे त्या पोराच्या जिवाशी खेळणं आहे. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते केवळ आवाजाच्या केबलचं ग्राउंड सोडवतं. हमिंग त्याने जातं आणि अर्थिंग जागेवर राहतं. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी निदान एवढं तरी बघावंच.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर पालकांसाठी थोडं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा इतकी दमट असते की गिटारीची वरची फळी फुगते आणि तारा उचलल्या जातात. पीझोच्या पट्टीवर दाब सगळीकडे सारखा राहिला नाही की एक तार ओरडते आणि शेजारची गप्प होते. हा बिघाड मिक्सरवर दुरुस्त होत नाही, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच न्यावी लागते. आणि जॅक खोचून ठेवला की आतला सेल चालूच राहतो. घरी आल्यावर वायर काढा, नाहीतर ऐन कार्यक्रमात आवाज बसतो.

गिटारीबद्दल बोलताना मला आपल्याच जिल्ह्यातला तारपा आठवतो, आणि तिथे हा निष्काळजीपणा अधिक खुपतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा एवढ्यातून वारली लोकांनी एक वाद्य केलं. तारपावाला मध्ये, आणि हात गुंफलेली माणसं त्याच्याभोवती गोल. तारप्याकडे पाठ करायची नाही असा दंडक. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी रंगवलेलं तारपा नृत्याचं वेटोळं जगभर पोचलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जव्हार तालुक्यातले भिकल्या लाडक्या धिंडा तारपा स्वतः बनवतात आणि वाजवतात. २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी त्यांनाही पद्मश्री जाहीर झाली. त्या गोलाची रचना नीट बघा. आवाज मध्यात आणि ऐकणारे सगळे त्याच्यापासून सारख्या अंतरावर. आवाज पोचवण्याचा प्रश्न त्या लोकांनी उभं राहण्याच्या पद्धतीनेच सोडवला आहे.

सरकारी कार्यक्रमात आपण काय करतो? तारपावाल्याला स्टेजच्या कडेला एका स्टँडच्या माईकसमोर उभं करतो आणि हलू नको म्हणतो. तो हलला तर आवाज जातो, नाही हलला तर नाच मोडतो. नाचणारे मग स्टेजच्या लांबीत सरळ रांग धरतात. माझं म्हणणं आहे की तारपा स्टेजवर चढवूच नये. मैदानात मध्ये जागा मोकळी ठेवा, लोकांना भोवती बसवा, दोन-तीनशे माणसांना माईकशिवाय नीट ऐकू येईल. गर्दी त्याहून मोठी असेल तर कर्ण्याच्या कडेला कपड्याला लावतात तसा छोटा बिनवायरीचा माईक चिमट्याने अडकवावा आणि पेट्या चारही बाजूंना बाहेर तोंड करून ठेवाव्यात, म्हणजे आवाज मधूनच आल्यासारखा वाटेल. अर्थात हे करण्याआधी ते वाद्य वाजवणाऱ्या आजोबांना विचारावं. वाद्य त्यांचं आहे.

आवाज केवढा असावा यावर कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. बोईसरमध्ये कारखाने आणि घरं एकमेकांना खेटून आहेत. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत काम करून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा छातीत धडधडणारा खर्ज ऐकवायचा, यात कसली करमणूक? साठ-सत्तर माणसांसमोर एक गिटार, एक गळा आणि दोन लहान पेट्या, एवढ्यात उत्तम संध्याकाळ होते. अशा कार्यक्रमांना जागा आणि थोडे पैसे द्यायला नगरपरिषदेने, ग्रामपंचायतींनी आणि कंपन्यांनी पुढे यावं. भव्य स्टेजपेक्षा खर्च कितीतरी कमी येतो.

मंडळांना आणि शाळांना माझी एवढीच विनंती आहे. कार्यक्रम सहाला असेल तर वाजवणाऱ्यांना साडेचारला बोलवा आणि तो दीड तास पाहुण्यांच्या खुर्च्या मांडण्यात आणि रिबिनी बांधण्यात घालवू नका. प्रत्येक वाद्याला पाच मिनिटं द्या. साउंडवाल्या दादांनी एकदा मिक्सर सोडून शेवटच्या रांगेत जाऊन बसावं आणि तिथून ऐकावं. सुपारी देताना पेट्या किती हे जसं विचारता, तसं डीआय बॉक्स आहे का आणि वाद्यासाठी वेगळा माईक आहे का हेही विचारा. नसेल तर मागवायला सांगा. मुंबईत ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळतात, आणि बोईसरहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत घेऊन परत येतो.